लाकडाच्या शेगडीवर ठेवायचा बिनविजेचा पंखा खरंच कामाचा आहे का?

तुम्ही विचारलंय की मुलगा कॅनडाहून येताना शेगडीवर ठेवायचा पंखा आणतो म्हणतोय, त्याला वीज नको सेल नको, नुसत्या गरमीवर फिरतो, तर शिरपूरकडच्या मळ्यातल्या घरात म्हाताऱ्या वडिलांच्या खोलीत त्याचा उपयोग होईल का नुसतं खेळणं आहे.

पंखा खरा आहे भाऊ, फसवाफसवी नाही. पण तो कशावर ठेवणार त्यावर सगळं आहे. चुलीवर, उघड्या शेगडीवर किंवा घमेल्यातल्या निखाऱ्यावर ठेवायचा विचार असेल तर पोराला सांगा त्या पैशात आजोबांना चांगली रजई घे. चारी बाजूंनी बंद, वरून सपाट आणि धुराडं घराबाहेर काढलेली लोखंडी शेगडी असेल तरच पुढचं वाचा, कारण तो पंखा तसल्याच शेगडीसाठी बनवलाय, कॅनडा नॉर्वेकडे बऱ्याच घरांत असते तशी.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसभर विहिरीच्या मोटारी नि सबमर्सिबल, पण ज्यांची पोरं बाहेर आहेत त्यांच्याकडून असे पंखे अधूनमधून दुरुस्तीला येतात, आणि तोरणमाळला एका मित्राकडे एक रोज चालतो थंडीत. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे, तिथली जानेवारीतली रात्र म्हणजे काय ते गेलेल्याला माहीत, खाली धुळ्यातच हात बाहेर काढवत नाही तेव्हा.

आता चालतो कसा. खाली ॲल्युमिनियमचा जाड पाय, वर ॲल्युमिनियमच्याच पातळ पट्ट्या म्हणजे फिन, आणि दोघांच्या मध्ये ४ सेंटिमीटर बाय ४ सेंटिमीटरची एक पांढरी चकती, बिस्किटापेक्षा पातळ. सगळा जीव त्या चकतीत. तिची एक बाजू गरम आणि दुसरी गार असली की तिच्यातून वीज निघते, हे १८२१ मध्ये झेबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं होतं, आत बिस्मथ टेल्युराइडचे बारीक बारीक तुकडे जोडीजोडीने लावलेले असतात. १९७७ ला सोडलेली व्हॉयेजर यानं याच तत्त्वावर वीज करतात, तिथे उष्णता प्लुटोनियमची इथे बाभळीची एवढाच फरक. वीज मात्र किती, तर एखाद दोन वॉट. आपला साधा छताचा पंखा ७५ वॉट खातो, तेव्हा वाऱ्याची झुळूक अंगावर येईल असं काही डोक्यात ठेवू नका, समोर हात धरला तर कोमट हवा सरकतेय एवढंच कळतं. आवाज जवळजवळ नाही, ही मोठी गोष्ट, म्हाताऱ्या माणसाची झोप मोडत नाही.

मुद्दा हा की चकती गरमीवर नाही, फरकावर चालते. खाली कितीही तापलं आणि वरच्या फिनपण तापल्या तर पंखा मंद होणार. लोक काय करतात, पंखा शेगडीच्या मधोमध किंवा धुराड्याला चिकटून ठेवतात, तिथे सगळ्यात गरम आहे म्हणून, आणि मग शेगडी लाल व्हायला आली की पंखा हळू झाला अशी तक्रार घेऊन येतात. त्याला मागच्या कडेला किंवा कोपऱ्यात ठेवायचं, धुराड्यापासून लांब, पाठीमागे मोकळी जागा सोडून, म्हणजे मागची गार हवा तो फिनवरून ओढतो नि पुढे गरम हवा ढकलतो. जागा बदलली की तोच पंखा भर्रकन फिरतो, दुरुस्तीचा रुपया न घेता लोकांना परत पाठवलंय.

शेगडीचा वरचा पत्रा ५०-६० अंशाला गेला की पाती हलायला लागतात, नीट फिरायला दीडशेच्या पुढे पाहिजे, आणि बहुतेक पंख्यांची सहन करायची हद्द साडेतीनशेच्या आसपास असते. पायाखाली एक पत्र्याची पट्टी असते, दोन धातूंची, फार तापलं की ती वाकते आणि पंखा पुढून किंचित उचलला जातो म्हणजे चकती जळू नये. एकाने ती वाकडी झाली म्हणून हातोडीने ठोकून सपाट करून आणलेली, तर तसं करू नका.

मग खोलीत फरक पडतो का? पडतो, पण बॉक्सवर लाकडाची जेवढी बचत लिहितात तेवढी मी तरी धरत नाही. शेगडी जेवढी उष्णता देते तेवढीच खोलीत येणार, पंखा नवीन उष्णता तयार करत नाही, चकतीने वापरली तीसुद्धा शेवटी खोलीतच राहते. तो फक्त ती पसरवतो. गरम हवा सरळ वर जाऊन छताखाली बसते नि खाली खाटेवरच्या माणसाच्या पायाला हिव वाजतंच, ती हवा जरा लवकर खाली नि लांब पोचते, तोरणमाळच्या मित्राकडे खाट शेगडीसमोर पण लांबच्या भिंतीला आहे, तिथे हा फरक कळतो. तुमचं घर धाब्याचं असेल तर मातीच्या भिंती नि वरची माती ऊब धरून ठेवतात, तिथे पंख्याचा फायदा होईल. पत्र्याचं असेल तर आधी पत्र्याखाली थर्माकोल नाहीतर प्लायचं सिलिंग करा, आणि पत्रा नि भिंत यांच्यातली फट बुजवा, नाहीतर पंखा वाटतोय आणि पत्रा बाहेर फेकतोय असं चालेल. खर्च करायचाच तर पहिला तिथे करा, माझं स्पष्ट मत.

आणि वडील शेगडीच्या खोलीत न झोपता शेजारच्या खोलीत झोपत असतील तर हा पंखा विसरा. त्यासाठी साधा टेबल फॅन बरा, लाइट असेल तेव्हा, पण तो लोक उलटा लावतात, शेगडीकडून थंड खोलीकडे. थंड खोलीत जमिनीवर ठेवा आणि तोंड शेगडीच्या खोलीकडे करा, सगळ्यात कमी स्पीडवर. गार हवा जड, ती खालून शेगडीकडे ढकलली की तिची जागा घ्यायला गरम हवा दाराच्या वरच्या भागातून आपोआप इकडे येते. पटत नसेल तर अगरबत्ती लावा, दाराच्या चौकटीत वर धरली तर धूर थंड खोलीत शिरताना दिसेल, खाली उंबऱ्यापाशी धरली तर बरोबर उलटा शेगडीकडे. खान्देशात रात्रीचं लोडशेडिंग असलं की अर्थात हे बोंबललं, तेव्हा तो बिनविजेचा पंखाच उपयोगी.

जळणाचं पण सांगतो. कपाशीच्या पऱ्हाट्या आपल्याकडे फुकट आहेत, पण त्या भडकतात नि विझतात, भरितासाठी उत्तम, रात्रभर ऊब पाहिजे असेल तर नाही. पऱ्हाटीवर पंखा जोरात सुटतो आणि थोड्या वेळात बंद. पेटवायला पऱ्हाटी नि मग वाळलेली बाभूळ, असं केलं की पंखा एकसारखा फिरत राहतो. ओलं लाकूड घालू नका, धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि पुढे तोच पेट घेतो.

एक गोष्ट पंख्याच्या भरवशावर कधीच करू नका, बंद खोलीत धुराड्याशिवाय कोळसा किंवा निखारे ठेवून झोपणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो, दर हिवाळ्यात कुठून ना कुठून अशी बातमी येते. पंखा हवा आतल्या आत फिरवतो, बाहेर काढत नाही. खिडकी बोटभर उघडी राहू द्या, धुराडं असलं तरी.

बिघडला तर घाबरू नका, आत फार काही नसतं. मोटारीच्या वायरी सोडवून दीड व्होल्टचा सेल लावा, फिरली तर मोटार ठीक आणि चकती संशयित. नाही फिरली तर आधी शाफ्टला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. चकती बदलायची असेल तर बाजारात फ्रिज-कूलरवाली टीईसी१-१२७०६ मिळते, दिसायला अगदी तशीच, दुकानदार तीच देणार, ती घेऊ नका, तिच्या आतलं डाख १३८ अंशाला वितळतं. वीज करणारी, जास्त तापमानाची टीईजी मागा, पोराला आत्ताच सांगून एक जास्तीची आणून ठेवा. बसवताना जुनी पांढरी पेस्ट पुसून नवी लावायची आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, एकदम एकच आवळला की चकतीला तडा जातो. पंखा उलटा फिरला तर चकती परत काढू नका, वायरी अदलाबदल करा झालं.

शेगडीच अजून नसेल तर आधी ती बनवून घ्या, शिरपूर नाहीतर धुळ्याचा कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल, फक्त वरचा पत्रा ५-६ एमएमचा सांगा, पातळ पत्रा तापून फुगतो मग पंख्याचा पाय पूर्ण टेकत नाही आणि फिरायला अर्धी रात्र घेतो. मापं पाहिजे असतील तर खोलीची लांबी रुंदी नि छत कशाचं ते टाका, सांगतो.