पानगळीतले रंग घरात टिकवताना

प्रश्न : मेपलची लालभडक पानं वेचून जाड पुस्तकात दाबली. पंधरा दिवसांनी उघडलं तर निम्मी तपकिरी, काहींवर बुरशी. कुठे चुकलं? (एडिसन, न्यू जर्सी)

दाबण्यात नाही, वाळण्याच्या वेगात चुकलं. हरितद्रव्य विरलं की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग वर येतो. लाल रंग मात्र झाड त्याच दिवसांत नव्याने बनवतं, आणि तोच सगळ्यांत हळवा. पान ओलं राहिलं की, कापून ठेवलेलं सफरचंद काळवंडतं तसंच त्याचं होतं. पुस्तकाचा गुळगुळीत कागद पाणी फारसं शोषत नाही, त्यामुळे ओल आतच कोंडते.

त्याच दिवशी पडलेली, वाकवली तरी न मोडणारी पानं घ्या. दव सुकल्यावर वेचा, ओली असतील तर पुसा. वर्तमानपत्राच्या चार पदरांवर पानं एकमेकांना न टेकता मांडा, वर पुन्हा चार पदर, असे पाच-सहा थर लावा. वर-खाली प्लायवूडचे तुकडे आणि त्यावर पाच-सात किलो वजन. पहिले तीन दिवस रद्दी रोज बदला, मग दिवसाआड. कंटाळून बहुतेक जण हेच सोडतात आणि मग दोष मेपलला देतात! मेपल आठ-दहा दिवसांत वाळतं, ओकच्या जाड पानाला दोन आठवडे लागतात. पान गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून ओल आहे.

घाई असेल तर दोन पेपर टॉवेलांमध्ये पान ठेवून वर मायक्रोवेव्हला चालणारी सपाट ताटली ठेवा. अर्धा मिनिट चालवा, उघडून वाफ जाऊ द्या, गरज वाटली तर पुन्हा अर्धा मिनिट. सलग दोन मिनिटं चालवलंत तर पान करपतं, पेटूही शकतं. आणि किती नीट वाळवलं तरी थेट उन्हात लाल रंग विटतोच. फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका.

एक सावधगिरी तुमच्या भागापुरती. पॉइझन आयव्ही या विषारी वेलीची तीन-तीन पर्णिकांची (एका देठावर तीन छोटी पानं) पानंही शरद ऋतूत सुंदर लाल होतात. झाडाखाली वेचताना ती हाती येऊ शकतात आणि वाळल्यावरही अंगावर पुरळ उठवतात. ओळख पटली नाही, तर तीन पर्णिकांचं लाल पान तिथेच राहू द्या.

प्रश्न : ग्लिसरीनच्या पाण्यात रंगलेली फांदी उभी ठेवली. पानं मऊ व्हायच्या ऐवजी गळून पडली. (टोरांटो)

पान रंगतं तोवर देठाच्या बुडाशी बुचासारखा थर तयार होऊ लागलेला असतो. पान गळतं ते तिथूनच. त्या थरातून पाणी वर चढत नाही, मग ग्लिसरीन कुठून चढणार? फांदीच हवी असेल तर ती पानं हिरवी असतानाच कापावी लागते. मग ती टिकतात, पण रंग पितळी-तपकिरी येतो, लाल नाही.

गळलेल्या पानांना ग्लिसरीन देठातून नव्हे, अंगावरून द्यायचं. एक वाटी ग्लिसरीन, दोन वाट्या पाणी, पसरट काचेचा ट्रे. पानं बुडवून वर ताटली ठेवा, नाहीतर ती तरंगतात. तीन-चार दिवसांनी काढा, साबणाच्या कोमट पाण्यातून हलकेच फिरवून टिपा. पान चामड्यासारखं लवचीक होतं. लाल रंग गडद होतो, पिवळा मात्र मळकट दिसू लागतो. पिवळी पानं दाबूनच ठेवलेली बरी.

प्रश्न : दिवाळीत दाराला मेपलच्या पानांचं तोरण लावता येईल का? (न्यू जर्सी)

येईल. दिवाळी आणि तिथली रंगीत पानं बहुधा एकाच सुमाराला येतात. तीन फुटांच्या दारासाठी, पान दहा सेंटीमीटर रुंद असेल आणि एकावर एक निम्मं चढवलं, तर अठरा पानं लागतात. वेचताना पंचवीस वेचा. सुई पात्यातून घालू नका, फाटतं. देठाजवळ जिथे सगळ्या शिरा एकत्र येतात तिथून घाला, दोरा दुहेरी.

बाहेर लावायचं असेल तर आधी मेण द्या, नाहीतर रात्रीच्या दमटपणाने पानं मुरडतात. मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. थेट आचेवर ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा आणि सत्तर अंशांच्या आसपास ठेवा. दाबून पूर्ण वाळलेलं पान देठाला धरून दोन सेकंद बुडवा, निथळवा, बटर पेपरवर ठेवा. पांढरट जाड थर बसला तर मेण थंड आहे. पान आक्रसलं तर फार तापलंय.

वाळलेली, त्यातून मेण लावलेली पानं चटकन पेट घेतात. त्या तोरणाखाली पणत्या नकोतच, विजेची माळ लावा.

प्रश्न : आमच्याकडे मेपल कुठला! देशी बदामाची लाल पानं वेचली तर चालतील? (रत्नागिरी)

चालतील काय, मेपलहून भारदस्त दिसतात. लाल, नारिंगी, तांबूस-जांभळा असे रंग एकाच पानावर सापडतात. हिवाळा सरता सरता झाडाखाली सडा पडतो. ताम्हणाची पानंही गळण्याआधी तांबडी होतात, तीही वेचा. बदामाचं पान मोठं आणि मधली शीर जाड, म्हणून शिरेजवळचा भाग शेवटपर्यंत ओला राहतो आणि काळेपणा तिथूनच सुरू होतो. मागच्या बाजूने शीर ब्लेडने अलगद तासून निम्मी करा, मग दाबा. वजन दुप्पट ठेवा.

मांडताना ती तबकात सपाट पसरू नका, पत्रावळ वाटते. पसरट मातीच्या कुंडीत वाळू भरा, देठाला बारीक तार गुंडाळून पाच किंवा सात पानं वेगवेगळ्या उंचीवर खोचा. सर्वांत गडद पान खाली आणि मध्यभागी. सोबत सागाची वाळकी फळं किंवा शेवरीची रिकामी बोंडं ठेवा.

कोकणच्या पावसाळ्यात हे टिकणार नाही. मे अखेरीस पानं काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. ग्लिसरीनची पानं तर दमट हवेत घाम फुटल्यासारखी पाझरतात.

प्रश्न : पिंपळपानाची जाळी लवकर करता येते का? (नाशिक)

पाण्यात कुजवायला तीन-चार आठवडे लागतात. लवकर हवी तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून पानं मंद आचेवर तास-दीड तास उकळा. भांडं स्टीलचं घ्या, सोडा ॲल्युमिनियमला खातो. हातमोजे घाला. मग पान ताटात पाण्याखाली धरून मऊ टूथब्रशने शिरेकडून कडेकडे गर काढा. निघत नसेल तर घासू नका, आणखी वीस मिनिटं उकळा.