जर्मनीत ऑफिस सुटल्यावर फोन, सुट्टीत लॅपटॉप आणि कोल्हापुरातनं काम: सविस्तर उत्तर

भावा, तुझा प्रश्न वाचला. गोकुळ शिरगावला डिझाईनमध्ये आहेस, गाडीचे पार्ट बनवणाऱ्या जर्मन कंपनीची ऑफर येईल असं दिसतंय, आणि तुला विचारायचंय की तिकडं खरंच संध्याकाळनंतर कोण फोन करत नाही का, सुट्टीवर लॅपटॉप न्यावा लागतो का, आणि वर्षातनं एकदा घरी येऊन महिनाभर तिथनंच काम केलं तर चालतंय का. मी मूळची शाहूपुरीची, स्टुटगार्टच्या बाजूला बरीच वर्षं आहे आणि काम तुझ्यासारखंच आहे, म्हणून जरा लांबलचकच लिहिते.

पहिलं म्हणजे "जर्मनीत पाचनंतर फोन करायला कायद्यानं बंदी आहे" असं जे व्हॉट्सॲपवर फिरतंय ते खरं नाही. तसा कायदा म्हणून लोक ज्याचं नाव घेतात तो फ्रान्सचा, १ जानेवारी २०१७ पासनं लागू झालेला, आणि त्यातपण फोन करायला बंदी वगैरे नाही, ५० आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीनं कामगारांच्या प्रतिनिधींबरोबर बसून नियम ठरवायचे एवढंच आहे. पोर्तुगालनं २०२१ मध्ये जबाबदारी मालकावर टाकली, वेळेबाहेर तुम्हीच संपर्क करू नका म्हणून. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासनं वेळेबाहेरच्या फोनला उत्तर न द्यायचा हक्क आहे, पण नकार वाजवी पाहिजे. आपल्याकडं सुप्रिया सुळेंनी २०१८ ला लोकसभेत असंच खासगी विधेयक मांडलेलं, त्याचा कायदा काय झाला नाही. अमेरिकेचा विचार असेल तर तिथं पगारी सुट्टी द्यायलाच पाहिजे असा केंद्राचा कायदासुद्धा नाही, सगळं कंपनीच्या मर्जीवर.

जर्मनीत काय आहे तर १९९४ चा कामाच्या वेळेचा कायदा. दिवसाला ८ तास, गरज पडली तर १०, पण सहा महिन्यांची सरासरी परत ८ वर आली पाहिजे. आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तास विश्रांती. हे ११ तासांचं नीट लक्षात ठेव, कारण तुला सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडणार आहे. रात्री १० ला कॉल संपला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ९ च्या आधी तू कामाला लागायचं नाही, साधा हिशोब. माझ्या टीममध्ये कोणी उशिरापर्यंत थांबला तर मॅनेजर स्वतः सांगतो, उद्या उशिरा ये म्हणून. प्रेमापोटी नाही हां, उद्या तपासणी झाली तर दंड कंपनीला बसतो.

फोक्सवागननं २०११ मध्ये शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासानं कंपनीच्या फोनवर मेल येणंच बंद केलेलं आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलरनं सुट्टीत आलेला मेल थेट डिलीट होईल अशी सोय केलेली, पाठवणाऱ्याला उत्तर जायचं की अमक्याला विचारा. त्या बातम्या तू वाचल्या असशील. पण ते त्या कंपन्यांचे आपापले करार, देशाचा नियम नव्हे, आणि फोक्सवागनचा तर मॅनेजर लोकांना लागूच नव्हता. उलट २०२३ ला इथल्या केंद्रीय कामगार न्यायालयानं एका ॲम्ब्युलन्सवाल्याच्या केसमध्ये सांगितलं की उद्याच्या ड्युटीचा मेसेज ड्युटी नसलेल्या वेळेत आला तरी त्यानं तो बघायला पाहिजे होता. म्हणजे "मी फोन बघणारच नाही" अशी टोकाची भूमिका कायद्याच्या जोरावर घेता येत नाही.

मग इथली माणसं तीन-तीन आठवडे गायब होतात ती कशी? माझ्या मते याचं उत्तर बदली माणसात आहे. प्रत्येकाच्या कामाला एक बदली माणूस नेमलेला असतो, इथं फरट्रेटुंग म्हणतात, आणि सुट्टीच्या अर्जातच त्याचं नाव टाकावं लागतंय. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच चालू असताना गोलकीपर बाहेर जाणार असेल तर दुसरा ग्लोव्हज घालून आधीच उभा असतो की, तसंच. जायच्या आठवडाभर आधी त्याच्याबरोबर बसून कुठलं ड्रॉईंग कुणाकडं अडकलंय, कुठल्या सप्लायरचं सॅम्पल येणार आहे, ग्राहक कशावरनं भडकू शकतो, हे सगळं लिहून द्यायचं. हे नीट केलं तर सुट्टीत फोन येत नाही कारण यायचं कारणच राहत नाही. नाही केलं तर कायदा कितीही भारी असू दे, चौथ्या दिवशी मेसेज येतोयच, आणि तो उचलायलाच लागतोय कारण फाईल कुठं ठेवलीय ते तुला एकट्यालाच माहीत.

आपल्याकडनं आलेल्या पोरांचं नेमकं इथंच अडतंय. आपल्याला सवय कसली, तर सगळं आपल्या डोक्यात ठेवायची आणि त्यातच आपली किंमत आहे असं समजायची. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी सुरुवातीला होते, तिथं भट्टी बंद पडली की रात्री दोनला फोन यायचा आणि गणपतीच्या आरतीला उभं असताना पण यायचा, आणि खरं सांगू का, आपल्यालाच बोलावतात याचा जरा अभिमानपण वाटायचा. इथं तसं केलं तर कौतुक होत नाही. सुट्टीवरनं मेलला उत्तर दिलंस तर लोक म्हणतात याला हँडओव्हर जमत नाही वाटतं. आणि एकदा दिलंस की पुढच्या वेळी धरूनच चालतात की हा देतोय उत्तर.

आता एक गोष्ट जी तुला कोण सांगणार नाही. तुला वेळेबाहेर त्रास होणार तो जर्मन माणसाकडनं कमी आणि आपल्याच लोकांकडनं जास्त. तुझ्या कंपनीची पुण्यात नाहीतर बंगळूरला टीम असणार, तू मराठी-हिंदीवाला म्हणून तुलाच दोघांच्या मध्ये उभं करणार. उन्हाळ्यात इथली वेळ भारताच्या साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. पुण्यात सकाळी १० ला पोरं कामाला बसली की इथं हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात, आणि "दादा, जस्ट क्विक क्वेश्चन" चालू. कंपनीचा फोन बंद असला तरी ते पर्सनल व्हॉट्सॲपवर येतात, कारण आपल्याकडं नंबर मागायला कोण लाजत नाही. पहिल्याच आठवड्यात सांगून टाक की कामाचं सगळं टीम्सवर (ऑफिसच्या चॅट ॲपवर), व्हॉट्सॲपवर फक्त दिवाळीच्या शुभेच्छा. वाईट वाटतंय थोडं, पण दोन आठवड्यात सगळ्यांना सवय होते. आणि तूपण तसंच वाग, तुझ्या दुपारी ४ ला पुण्यात साडेसात-साडेआठ झालेले असतात, तेव्हा "आजच पाहिजे" म्हणून मेसेज टाकू नकोस, सकाळी जाईल असा शेड्यूल करून ठेव. इथं येऊन स्वतः पाचला सायकल काढायची आणि तिकडच्या पोरांना रात्री कॉलवर बसवायचं, असे आपलेच लोक लई बघितलेत मी.

सुट्टीचा हिशोब. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्यानं वर्षाला कमीत कमी २० दिवस, पण तुझ्या क्षेत्रात बहुतेक ठिकाणी ३० मिळतात. पूर्ण हक्क सहा महिन्यांनी लागू होतो, त्याआधी महिन्यामागं बारावा हिस्सा, म्हणजे जूनला जॉइन झालास तर त्या दिवाळीला लांबची सुट्टी मिळेलच असं घरी कबूल करू नकोस, वेगळं बोलून घ्यावं लागतंय. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते तेव्हा पोरंबाळं असलेल्यांचा नंबर आधी लागतो. आपलं नशीब चांगलं की गणपती आणि दिवाळीच्या तारखांना तशी मारामारी नसते, वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरमध्ये टाकून मोकळा हो. एकदा मंजूर झालेली सुट्टी सुरू झाली की कंपनीला तुला परत बोलावता येत नाही, तसं आधी लिहून घेतलेलं असलं तरी ते चालत नाही, २००० साली केंद्रीय कामगार न्यायालयानंच सांगितलंय.

अजून एक, सुट्टीत आजारी पडलास तर ते दिवस सुट्टीतनं कापले जात नाहीत. हे ऐकून माझ्या आईचा विश्वासच बसेना. पण डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे, आणि त्यात नुसतं "व्हायरल फीवर" लिहून भागत नाही, अमुक ते अमुक तारखेपर्यंत काम करायला असमर्थ असं स्पष्ट पाहिजे. इथल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आता ऑनलाईन जातंय, आपल्याकडच्या डॉक्टरांचं जाणार नाही, त्यामुळं कागद हातात घे, इंग्लिशमध्ये घे, आणि पहिल्याच दिवशी ऑफिसला आणि आरोग्य विमा कंपनीला कळव. परत आलेले दिवस नंतर वापरायचे, स्वतःच्या मनानं तिकीट पुढं ढकलायचं नाही.

कोल्हापुरातनं महिनाभर काम करायचं म्हणशील तर ते धरून चालू नकोस. होम ऑफिस म्हणजे घरनं काम, पण घर जर्मनीतलं. युरोपच्या बाहेर लॅपटॉप न्यायला बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत, टॅक्सची भानगड, सोशल सिक्युरिटीची भानगड, आणि गाडीच्या पार्टची ड्रॉईंग म्हटल्यावर ग्राहकाबरोबरचा गुप्ततेचा करार वेगळाच. काही कंपन्या वर्षाला मोजके दिवस देतात, पण आधी लेखी विचारून. न सांगता नेऊन व्हीपीएन (आपण कुठनं जोडलोय ते लपवणारी सोय) लावून बसणारे पण आहेत, पण आयटीवाल्यांना लॉगिन कुठनं झालं ते दिसतंय, आणि नोकरीवर व्हिसा अवलंबून असताना हा नाद करू नये. आणि खरंच सांगते, घरी आलास की सकाळी मिसळ, दुपारी मावशीकडं जेवण, संध्याकाळी रंकाळा, मध्ये कुणाचं तरी लग्न ठरलेलं, त्यात तू दुपारी साडेबाराला दार लावून कॉलवर बसणार, आणि आई बाहेरनं रस्सा गार होतोय म्हणून हाका मारणार. काम पण होत नाही आणि सुट्टी पण. त्यापेक्षा सलग तीन-चार आठवडे रीतसर सुट्टी माग, वर्षभर आधी सांगितलं की देतात. लॅपटॉप जर्मनीतच कपाटात.

हे सगळं बऱ्यापैकी मोठ्या, जुन्या कंपनीचं सांगितलं. पंधरा-वीस माणसांच्या स्टार्टअपमध्ये कायदा तोच असला तरी बदली माणूसच नसतो, तिथं हाल होतात, मैत्रिणीचं बघितलंय. म्हणून इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचार की ज्या माणसाच्या जागी मी येतोय तो सुट्टीवर गेला की त्याचं काम कोण बघायचं. इथं असले प्रश्न विचारले तर कोण आळशी म्हणत नाही.

ऑफर आली की दोन कलमं आधी शोध. एक, "सगळा ओव्हरटाइम पगारातच धरलाय" असं काही आहे का. मर्यादा न लिहिता असं मोघम कलम टाकलं तर कोर्टात ते सहसा टिकत नाही, पण त्यावरनं कंपनीचा स्वभाव कळतोय. दुसरं रुफबेराइटशाफ्ट, म्हणजे घरी असलास तरी फोन आला की उचलून कामाला लागायचं. डिझाईनला बहुतेक नसतंय, प्लँट सपोर्टला असतंय. असेल तर महिन्यातनं किती वेळा आणि त्याचे पैसे किती हे सही करायच्या आधी लेखी घे.