"ज्यांनी आपलं काम करून दिलं त्यांना नाही कसं म्हणायचं?"

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला फार जण घेऊन येतात. शिक्षक, नर्स, तलाठी, बँकेतले लोक. त्यातली एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सरकारी खात्यात ज्युनिअर इंजिनिअर, वय 31. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा आणि पोस्टिंग घरापासून दोनशे किलोमीटरवर. तालुक्यातल्या एका नेत्यांनी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, पत्र दिलं, वर फोन केला आणि याची बदली गावाजवळ झाली. वर्षभर काहीच नाही. मग अण्णांच्या भाच्याला रस्त्याचं काम मिळालं, कार्पेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, 20 मिलिमीटरचं हवं होतं, यानं मोजलं तर कुठे 14 कुठे 15. भाचा म्हणाला, एमबीत (मोजमाप पुस्तकात) 20 लिहा, अण्णांना सांगू का?

तो महिनाभर झोपला नव्हता. मला म्हणाला, "मॅडम, लिहिलं तर चोर, नाही लिहिलं तर कृतघ्न. ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागायचं असं आई म्हणते."

मी विचारलं, बदलीच्या फाइलवर कारण काय लिहिलंय? कारण 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं. तो म्हणाला, आईचं आजारपण. म्हटलं, मग अण्णांचं नाव कुठंय त्यात? तर तो लगेच, "पण फाइल हलली ती अण्णांच्या फोननेच ना." खरंय, ते मी नाकारलं नाही. बदलीसाठी बाहेरून वजन आणायला वर्तणूक नियमात मनाई आहे, म्हणजे चूक तिथेही होतीच, हेही आम्ही बोललो. त्याला ते लागलं, पण मला वाटतं बरं झालं, कारण तोवर तो स्वतःला फक्त अडकवला गेलेला समजत होता.

अशा वेळी मी लोकांना 1971 चा एक प्रयोग सांगते. डेनिस रीगन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा. एकानं न मागता कोकची बाटली आणून दिली आणि नंतर लॉटरीची तिकिटं घ्याल का विचारलं, तर बाटली मिळालेल्यांनी जवळपास दुप्पट तिकिटं घेतली, आणि तो माणूस आवडला नव्हता त्यांनीही घेतली. म्हणजे मिंधेपणाचं हे ओझं प्रेमामुळेच येतं असं नाही, नुसतं घेतलं म्हणूनही येतं. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मला अण्णा आवडतात की नाही हे मी कधी बघितलंच नाही."

पुढचे दोन सेशन एकाच गोष्टीवर गेले, अण्णांना द्यायला तुमच्याकडे तुमचं स्वतःचं काय आहे? वेळ, कष्ट, अडीअडचणीला धावून जाणं. सही त्यात येत नाही, ती खात्याची आहे, आणि रस्ता तर त्यावरून जाणाऱ्यांचा. लोक इथे टाळाटाळ करतात, फोन बंद ठेवतात, रजा टाकतात, आणि समोरच्याला वाटतं हा भाव खातोय. मी म्हटलं भाच्याशी नको, अण्णांना घरी जाऊन भेटा, आधी आभार माना, मग सरळ सांगा.

तो गेला. म्हणाला, "अण्णा, आईसाठी तुम्ही केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण एमबीत मी मोजलं तेच लिहिणार." अण्णांनी चहा सांगितला होता, तो काही आला नाही. भाच्यानं शिव्या देत वरून पुन्हा थर टाकला, मग बिल निघालं.

मार्चमध्ये अण्णांच्या मुलीचं लग्न होतं, आमंत्रण नव्हतं तरी हा रजा काढून गेला आणि पंगतीत वाढायला उभा राहिला. अण्णांनी बघितलं, बोलले नाहीत.

परवा फोन आला होता. झोप लागतेय म्हणाला, पण अण्णांची गाडी दिसली की अजून पोटात गोळा येतो. म्हटलं, येईल अजून काही दिवस, येऊ दे.