पंचेचाळीसचा हट्ट आणि बत्तीसचा परवाना

सातारा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

‘स्वस्तातलं, मोठ्या बोअरचं ऑटोमॅटिक पिस्तूल कोणतं घेऊ?’ असं विचारलं आहेस. आधी शब्द नीट करून घे. तुला हवं आहे ते सेमी-ऑटोमॅटिक. त्यात ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी सुटते, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाऊन टरफल बाहेर फेकते आणि येताना पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस बसतं त्या जागेत, ढकलते. बोट दाबून धरलं की गोळ्या सुटतच राहतात, ते ऑटोमॅटिक. परवान्याच्या अर्जात तो शब्द चुकूनही लिहू नकोस.

तू ज्याचं कौतुक लिहिलंस ते हाय-पॉइंट .४५ (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इथे ०.४५ इंच). अमेरिकेत ओहायो राज्यात बनतं, किंमत २०० डॉलरच्या आसपास. तिथले मालक त्याला ओबडधोबड म्हणतात, आणि चालतं हेही लगेच कबूल करतात. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, ९ गोळ्या, रिकामं वजन जवळपास १ किलो. ते एवढं जड का, हे कळलं की स्वस्त का तेही कळतं. १९११ च्या कोल्टमध्ये गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या राहतात. त्या खाचा कापायला काटेकोर यंत्रकाम लागतं. हाय-पॉइंटमध्ये ही भानगडच नाही. नळी फ्रेमला, म्हणजे मूठ असलेल्या सांगाड्याला, पक्की, आणि मागचा दाब थोपवायला स्प्रिंग आणि मुख्यतः स्लाइडचं वजन. .४५ ची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, म्हणून जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव, जाडजूड स्लाइड बसवतात. मालकांच्या तक्रारी ठरलेल्या: मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरच्या कडा, जरा वाकले की काडतूस नाक खाली घालून अडकतं, ट्रिगर जड आहे, आणि साफसफाईला उघडायचं तर एक पिन ठोकून काढावी लागते. कंपनी कितव्याही मालकाला फुकट दुरुस्ती देते, म्हणून लोक हे सगळं चालवून घेतात.

आता आपल्याकडचं. ९ एमएम किंवा .४५ ची सर्व्हिस, म्हणजे लष्करी वापराची, काडतुसं ज्यात बसतात ती पिस्तुलं आपल्याकडे मनाई बोअरमध्ये मोडतात. जिल्हाधिकारी त्याचा परवाना देऊच शकत नाहीत. आपशिंग्याच्या एखाद्या माजी सैनिकानं नोकरीत ९ एमएम चालवलं असेल, निवृत्तीनंतर त्यालाही तो बोअर मिळत नाही. ‘बिहारकडून आणून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याबरोबर चहासुद्धा घेऊ नकोस. मनाई बोअरचं हत्यार विनापरवाना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ७ वर्षांपासून १४ वर्षांपर्यंत आहे. परदेशातून मागवण्याची वाट तर सामान्य माणसाला १९८० च्या दशकापासूनच बंद आहे. त्यामुळेच जुनी वॉल्थर, वेब्ली इथे लाखांत विकली जातात. त्या किमतीत दुर्मिळतेचे पैसे जास्त, हत्याराचे कमी.

म्हणजे तुझ्यासाठी मनाईत न मोडणारा बत्तीस (.३२) बोअर. इथे नवखे हमखास फसतात, कारण ‘बत्तीस’ या एका नावाखाली दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं .३२ लांब असतं आणि त्याला बुडाशी ठळक कड असते. पिस्तुलाचं .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ एमएम, आखूड, आणि त्याची कड जेमतेम बाहेर येते. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. परवान्यावर ‘पिस्तूल’ लिहिलंय की ‘रिव्हॉल्व्हर’, हे हातात पडल्या पडल्या वाच. चूक तिथेच दुरुस्त करून घे, दुकानात गेल्यावर नव्हे.

नवं देशी घ्यायचं तर इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’ आहे. १९२२ च्या ब्राउनिंगच्या वळणाचं, साधं ब्लोबॅक, म्हणजे हाय-पॉइंटसारखंच नळी-स्लाइड एकमेकांत न अडकणारं. इथे ती साधी रचना चालून जाते, कारण गोळी जेमतेम साडेचार ग्रॅमची. दुकानदार सांगेल त्या किमतीवर जीएसटी धर. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर तो सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी ४० टक्के झाला आहे.

.३२ एसीपीचा एक स्वभावदोष नीट समजून घे, कारण पुष्कळ मालक त्यासाठी पिस्तुलाला शिव्या घालतात आणि चूक भरणाऱ्याची असते. काडतुसाला ती छोटी कड असल्यामुळे मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे बसायला हवी. मागे बसली तर स्लाइड वरचं काडतूस पुढे ढकलते तेव्हा ते खालच्यात अडकतं आणि सगळं ठप्प होतं. हिसके देऊन ते सुटत नाही, मॅगझिन काढून रिकामंच करावं लागतं. म्हणून प्रत्येक काडतूस पुढून घालून मागे सरकव. गोळी आखूड असली तर मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकायला जागा राहते आणि हा दोष वाढतो. तेव्हा पूर्ण लांबीची, टोकाला गोल, तांब्याच्या आवरणाची गोळी बरी.

टरफल बाहेर पडता पडता उभं चिमटलं तर आधी स्वतःची पकड तपास. मनगट ढिलं असलं की सगळं पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडला पूर्ण मागे यायला जोर उरत नाही. पकड बरोबर असूनही तेच होत असेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या (टरफल ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखालची काजळी काढ, मग स्प्रिंग बघ. बार ‘फुस्स’ झाला तर मात्र तिथल्या तिथे थांब. गोळी नळीत अडकलेली असू शकते. मागून दुसरी सोडलीस तर नळी फुटेल. आणि ट्रिगर ओढूनही काहीच झालं नाही, तर नळी निशाण्याकडेच धरून ३० सेकंद मोज, मग स्लाइड ओढ. काही काडतुसं उशिरा पेटतात.

जुनं घेणार असशील तर घाई नको. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोटानंही चाचपायचं. क्रम उलटा केलास तर स्लाइड मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये चढवते आणि तू समजतोस पिस्तूल रिकामं आहे. असले अपघात बहुतेक याच चुकीनं होतात. रिकामं झाल्यावर नळीतून उजेडाकडे बघ. आत एखादी काळी कडी सावलीसारखी दिसली तर नळी फुगलेली आहे, सौदा मोड. फ्रेमवर, विशेषतः कोपऱ्यांत, केसासारखी चीर आहे का ते भिंगानं बघ. मॅगझिन मूळचं आहे का ते विचार. जुन्या विदेशी पिस्तुलाचं दुसरं मॅगझिन मिळता मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय लाखांचं हत्यार म्हणजे एक गोळीची बंदूक. शेवटी नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नंबराशी ताडून बघ. मालकानं थेट विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. परवानाधारक दुकानदारामार्फत केलंस तर कागद सरळ राहतात.

परवान्याचा अर्ज नमुना ए-१ मध्ये, वय २१ पूर्ण हवं. पोलीस अहवालात धोक्याचं कारण बघितलं जातं, ‘प्रतिष्ठेसाठी’ हे कारण नव्हे. घरात आधीच दोन हत्यारं तुझ्या नावावर असतील तर तिसरं मिळणार नाही. शेतावरच्या रानडुकरांसाठी हवं असेल तर पिस्तूल हे हत्यारच चुकीचं. त्याला बारा बोर, आणि वर वनखात्याची परवानगी. वरातीत बार काढायचा विचार असेल तर पत्र इथेच फाडून टाक. त्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

काडतुसं किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, हे दोन्ही आकडे परवान्याला धरून ठरतात, आणि सरावाला ते पुरत नाहीत. म्हणून हात बसवायला १० मीटरचं .१७७ एअर पिस्तूल घे. मोठा बोअर म्हणजे मोठा नेमबाज, हे डोक्यातून काढ. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते .२२ च्या पिस्तुलावर.

राहिला पावसाळा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवून देऊ नकोस. चामडं ओल धरतं आणि दोन महिन्यांत पोलादावर तांबूस ठिपके येतात. कापडाला तेलाचा हात लावून पुसायचं, काडतुसांना मात्र तेल नको, बुडातला ठिणगी देणारा प्रायमर निकामी होतो. आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस आली तर नळी आतून तेलकट करून दे, नंबरासह पावती घे, आणि परत घेताना तिथेच नळीतून बघ. सांगलीवाडीच्या घरात लॉकर तळमजल्यावर बसवू नकोस. २०१९ ला कृष्णेचं पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर अजून दिसत असेल. पिस्तुलाचा लॉकर त्या खुणेच्या वर, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात.

कळावे.