निळा रंग कसा गेला?

प्रश्न : ताई, दुसऱ्या महायुद्धात एका तरुणाने दुधाच्या तपासणीत शिकलेली गोष्ट वापरून ज्यू लोकांची ओळखपत्रं बदलली आणि त्यांना वाचवलं, असं वाचलं. दुधाचा आणि शाईचा काय संबंध? हेतू चांगला असला तरी खोटे कागद करणं चूकच ना? आपल्या वळिवड्याच्या छावणीतले लोक असेच आले होते का?
– इयत्ता दहावीतली विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं आधी सांगते. तिथे १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले पोलिश लोक बहुतेक कॅथलिक होते. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. त्यांची कहाणी वेगळी.

आता दूध. माझी एकतीस वर्षं दुधाच्या प्रयोगशाळेत गेली. राधानगरी, भुदरगडकडचे कॅन उतरले की नमुना घ्यायचा, १० मिलिलिटर दुधात १ मिलिलिटर मेथिलीन ब्लू हा निळा रंग टाकायचा, नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि घड्याळ बघायचं. जंतू कमी असलेलं चांगलं दूध पाच तासांनंतरही निळं असतं. अर्ध्या तासात पांढरं पडलं, तर ते दूध परत. कुणाच्या तरी घरची सकाळची मेहनत वाया गेली, हे मला दर वेळी लागायचं.

अडोल्फो कामिन्स्कीने हाच रंग जाताना पाहिला. १९२५ साली ब्यूनोस आयर्समध्ये जन्मलेला हा ज्यू मुलगा नॉर्मंडीतल्या व्हीर गावात वाढला. आधी रंगाऱ्याकडे कामाला होता, पुढे डेअरीतल्या रसायनतज्ज्ञाच्या हाताखाली. सायीचे नमुने तपासताना दूध आंबल्यावर होणाऱ्या लॅक्टिक आम्लाने मेथिलीन ब्लू फिकं पडतं, हे त्याच्या डोक्यात बसलं. (आम्ही त्याचं श्रेय जंतूंना देतो, पण ते असो.) १९४३ मध्ये कुटुंबासह ड्रान्सीच्या, म्हणजे पॅरिसजवळ ज्यूंना डांबून ठेवायच्या छावणीत अडकला; अर्जेंटिनाचे नागरिक म्हणून सुटला. पुढे पॅरिसमध्ये खोटे कागद करणारे त्याला म्हणाले, ओळखपत्रांवरची वॉटरमन कंपनीची निळी शाई काही केल्या निघत नाही. त्याने लॅक्टिक आम्ल सुचवलं आणि शाई निघाली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. एकदा तीन दिवसांत तीनशे मुलांचे कागद हवे होते. तासाला तीस कागद होतात, म्हणजे मी तासभर झोपलो तर तीस माणसं मरतील, असा हिशेब मांडून तो जागा राहिला.

नुसत्या कागदाने भागत नसे. हॉलंडमध्ये ओळखपत्राची नोंद सरकारी दप्तरातही असायची. म्हणून २७ मार्च १९४३ रोजी नाझींविरुद्ध लढणाऱ्या तिथल्या प्रतिकारकांनी अ‍ॅमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं. पकडलेल्यांपैकी बाराजणांना गोळ्या घातल्या. आणि नवं नाव अंगात मुरवायला लागे. प्रागचा लहानगा साउल फ्रीडलेंडर फ्रान्समधल्या कॅथलिक वसतिगृहात पॉल-आंरी फेर्लां झाला. आई-वडील आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत मारले गेले आणि हा पाद्री व्हायचं म्हणत होता! युद्धानंतर एका जेझुइट धर्मगुरूनेच त्याला आउशवित्झबद्दल सांगितलं. पुढे तो याच काळाचा मोठा इतिहासकार झाला.

आता चूक की बरोबर. रजिस्टरमध्ये खोटा आकडा मी कधी लिहिला नाही, लिहू दिला नाही. पण बाळ, तिथला खरा कागद काय होता ते बघ. १९३८ पासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ चा शिक्का बसला. १९३९ पासून पुरुषांच्या नावात ‘इस्राएल’ आणि बायकांच्या नावात ‘सारा’ घालायची सक्ती झाली. ही नोंद कायद्याने शंभर टक्के खरी, आणि तिच्यावरूनच माणसं गाडीत कोंबली जात. त्या टेबलाशी मी असते, तर मीही शाई काढली असती.

शाळेत मेथिलीन ब्लू असेल तर सरांना विचारून दोन नळ्या लाव, एक ताज्या दुधाची, एक कालच्या. पांढरी पडलेली नळी नंतर जोरात हलव. वर निळी कडा परत दिसते. ती का दिसते, ते मला लिहून कळव.