लेकरू गावच्याच शाळेत ठेवा, पण नुसतं बसवून ठेवू देऊ नका

ताई, तुमचा मुलगा सात वर्षांचा, सौम्य बौद्धिक अक्षमता, आणि हेडमास्तर म्हणतात, ‘जि.प. शाळेत सोय नाही, जिल्ह्याच्या निवासी शाळेत टाका.’ परभणी-हिंगोलीकडं विशेष शिक्षक म्हणून बरीच वर्षं शाळा फिरलोय, म्हणून आधी हे सांगतो: शाळा निवडायचा हक्क तुमचा आहे, हेडमास्तरांचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ३१. वय ६ ते १८ आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर जवळची शाळा किंवा विशेष शाळा यातली हवी ती निवडा, शिक्षण मोफत. सौम्य गटाला प्रमाणपत्रावर ५० टक्के मिळतात, म्हणजे तुम्ही त्यात बसता. प्रमाणपत्र अजून हातात नसलं तरी प्रवेश अडत नाही. ६ ते १४ च्या प्रत्येक लेकराला शिक्षण हक्क कायदा आहेच. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अन् ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज मात्र आजच भरा. शाळा ‘प्रशस्त’ ॲपवर जी माहिती भरते ती फक्त प्राथमिक चाळणी असते, तिला प्रमाणपत्र समजू नका.

शाळेत प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पण भांडू नका. लेकरू त्याच गुरुजींच्या हाती द्यायचंय.

खरी अडचण प्रवेशानंतर सुरू होते. हजेरीपटावर नाव असतं, लेकरू शेवटच्या रांगेत पाटीवर तेच ते गिरवत असतं, आणि असंच चौथीपर्यंत जातं. गुरुजी वाईट नसतात हो. दोन शिक्षक अन् चार वर्ग, काय करतील? म्हणून तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुका केंद्रात जा, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण ते विचारा, आणि ते, वर्गशिक्षक अन् तुम्ही असे तिघं एकत्र बसून वैयक्तिक आराखडा लिहून घ्या. ‘प्रगती करेल’ असली वाक्यं त्यात चालवून घेऊ नका. ‘दिवाळीपर्यंत दहा वस्तू मोजून देईल, दप्तर स्वतः भरेल, लघवीला जायचं सांगेल’ असं लिहा. तीन-चार गोष्टी पुरे.

तास तोच, काम वेगळं. वर्ग वजाबाकी करतोय तेव्हा यानं खऱ्या नाण्यांतून सात रुपये काढून द्यायचे. कविता सगळ्यांबरोबर म्हणायची, लिहायच्या वेळी चित्र जुळवायचं. सूचना एका वेळी एकच. पोरं ‘येडं’ म्हणून चिडवत असतील तर नुसत्या उपदेशानं थांबत नाहीत. त्याला मानाचं काम द्यायला सांगा. प्रार्थनेची घंटा, किंवा खिचडीच्या ताटल्या मोजून मांडणं. मोजणीही तिथंच पक्की होते. वर्गात त्याला मदत करणारा जोडीदार दर आठवड्याला बदलायचा. नाहीतर एखाद्या शहाण्या मुलीच्या गळ्यात हे काम पडतं आणि तिचाच अभ्यास मागं राहतो. हे मी फार पाहिलंय.

निवासी शाळा वाईटच असते असं नाही. लेकराला सतत आधार लागत असेल, घरी सांभाळणारं कुणी नसेल, तर ती बरी. पण सौम्य गटातल्या सात वर्षांच्या पोराला गल्ली, दुकान, शेजारची पोरं यांच्यापासून तोडू नये असं माझं मत आहे. तुम्ही ऊसतोडीला जात असाल तर त्याला सोबत नेण्यापेक्षा आजीजवळ ठेवा. चार-पाच महिने शाळा सुटली की आलेलं बरंच निसटतं, आणि अशा लेकरांना ते परत आणायला फार वेळ लागतो.

‘समग्र शिक्षा’ या सरकारी शालेय योजनेतून प्रवास आणि मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, गटसाधन केंद्रातच विचारा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ योजना १ लाखापर्यंत आरोग्य विमा देते, तीही घ्या. दहावीचं आत्ता डोक्यात आणू नका. लातूर पॅटर्नच्या मुलखात राहून हे जड जातं, कळतं मला.

दिवाळीनंतर आराखडा घेऊन तिघं परत बसा. जे जमलं त्यावर पुढची पायरी लिहा. जे जमलं नाही ते वगळू नका, त्याचे दोन लहान तुकडे करा.