ट्रेसरूटमधला 'हॉप': टप्पा की राउटर?

प्रश्न असा: ट्रेसरूटने (पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, नेटवर्कवर कुठल्या वाटेने जातो ते दाखवणाऱ्या साधनाने) १२ ओळी दाखवल्या, तर 'वाटेत १२ राउटर (पॅकेटं पुढे धाडणारी यंत्रं) लागले' असं लिहावं का? 'हॉप'ला, म्हणजे त्यातल्या एकेका ओळीला, मराठीत काय म्हणावं?

'टप्पा' म्हणावं. 'राउटर' नको, कारण ट्रेसरूटला राउटर दिसत नाही, आयपी पत्ता दिसतो. पॅकेटातला टीटीएल (टाइम टू लिव्ह, म्हणजे पॅकेट किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) आधी १, मग २, ३ असा वाढवत नेतात. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून १ वजा करतो. ज्याच्याकडे शून्य उरतं तो पॅकेट टाकून देतो आणि मुदत संपल्याचा आयसीएमपी निरोप (नेटवर्कमधल्या चुका कळवणारा संदेश) परत धाडतो. निरोपावर त्या राउटरच्या एका इंटरफेसचा (जोडणीच्या तोंडाचा) पत्ता असतो, एवढंच हाती लागतं. मोठ्या राउटरला असे कितीतरी इंटरफेस असतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजलं की एकच राउटर वेगवेगळ्या पत्त्यांनी नेटवर्कच्या नकाशात शिरतो. म्हणून दोन पत्त्यांना आळीपाळीने पॅकेटं पाठवून उत्तरांतले आयपी-आयडी (प्रत्येक पॅकेटावरचा ओळखक्रमांक; बरेच राउटर तो एकाच मोजणीतून देतात) ताडून बघतात. ४१०१, ४१०२, ४१०४ असे एकाच ओघातले आकडे वारंवार आले, तर पत्ते बहुधा एकाच राउटरचे. आयडी शून्य किंवा कसाही देणाऱ्या राउटरांवर हा उपाय चालत नाही. ही छाननी झाल्यावरच 'राउटर' हा शब्द वापरावा.

(टीटीएलचं भाषांतर 'आयुष्यकाळ' करू नका. मूळ व्याख्येत ते सेकंद होते, प्रत्यक्षात टप्पेच मोजले जातात. आयपीव्ही६मध्ये तर नावच 'हॉप लिमिट' झालं. 'टप्पे-मर्यादा' चपखल बसतं.)

दोन टप्पे 'जोडलेले' आहेत असं म्हणतानाही जपावं. जुना ट्रेसरूट दर पॅकेटाला यूडीपीचा (पॅकेटं पाठवण्याचा एक प्रकार) पोर्ट क्रमांक बदलतो आणि अनेक वाटांवर भार वाटणारा राउटर पोर्ट बघून वाट निवडतो. मग सहाव्या टप्प्याचं उत्तर एका वाटेवरून, सातव्याचं दुसऱ्या वाटेवरून येतं आणि नकाशात नसलेली जोडणी उमटते. २००६ साली आलेला पॅरिस ट्रेसरूट पोर्ट कायम ठेवून हा घोळ टाळतो. एमपीएलएसमध्ये (पॅकेटाला लेबल लावून त्यावरून पुढे धाडण्याची पद्धत) उलट होतं: मधले राउटर टीटीएलला हात लावत नसतील तर लांबची दोन टोकं शेजारी दिसतात. अशा वेळी 'लागोपाठचे टप्पे' एवढंच लिहावं.

तारांकनाची (*) ओळ हाही टप्पाच, फक्त निरुत्तर. पोचलेल्या ट्रेसरूटची शेवटची ओळ मुक्कामाच्या यंत्राची असते. तेव्हा वाक्य असं करा: '१२ टप्प्यांत पोचलो, त्यांतले ३ निरुत्तर.'